डिश टपावर की तिपाईवर

संध्याकाळचे सात वाजून गेले होते. आमच्या मोटरहोमच्या, म्हणजे राहायच्या गाडीच्या, टपावर टीव्हीच्या डिशचा घुमट होता. त्यातली मोटर चौथ्यांदा फिरायला लागली. आधी बारीक घरघर, मग एक टक्क, मग पुन्हा घरघर. पडद्यावर ‘उपग्रह शोधत आहे’ एवढी एकच ओळ. बाबा चष्मा पुसून, खुर्ची पुढे ओढून बसले होते. पाच मिनिटांनी मोटर गप्प झाली. बाबांनी चष्मा काढला, डबीत ठेवला आणि म्हणाले, "राहू दे गं. उद्या बघू."

सलग तिसऱ्या संध्याकाळी ते हेच म्हणत होते. त्या रात्री ते झोपल्यावर मी आणि नवरा बाहेर खुर्च्या टाकून बसलो आणि ठरवलं, की गाडीवरच्या अँटेनाचा विचार पुन्हा पहिल्यापासून करायचा. पुढे त्यात जवळजवळ सगळा हंगाम गेला. जे शिकलो ते इथे लिहिते आहे, कारण मोटरहोम घेणारी बहुतेक माणसं हा निर्णय आमच्यासारखाच घाईत घेतात.

बाबा वर्षातले चार-पाच महिने आमच्याबरोबर गाडीतून फिरतात. वय ८१. ऐकू फारच कमी येतं, यंत्र लावूनही गर्दीतलं बोलणं कळत नाही. पण नजर अजून चांगली आहे. बातम्यांच्या वाहिनीवर खाली ज्या पट्ट्या सरकतात त्या वाचूनच त्यांना जगात काय चाललंय ते कळतं. "मोबाईलवर बघा की" हा सल्ला आम्हाला भेटणारा प्रत्येक जण देतो. मोबाईलच्या पडद्यावर त्यांना त्या पट्ट्या वाचता येत नाहीत, आणि आम्ही जिथे मुक्काम करतो तिथे बऱ्याचदा साधा फोन लागायची मारामार असते, व्हिडिओ कुठून चालणार? तेव्हा आमच्यासाठी डिश ही चैन नव्हती. बाबांची संध्याकाळ तिच्यावर चालते.

पहिली निवड आम्ही दुकानात उभं राहून अर्ध्या तासात केली होती. विक्रेत्याने टप किती लांब आहे विचारलं, एसी कुठे बसवलाय विचारलं, टीव्ही एक की दोन ते विचारलं. मग घुमटवाली स्वयंचलित अँटेना दाखवली. पांढरा प्लास्टिकचा घुमट, आत छोटी डिश आणि तिला फिरवणाऱ्या मोटरी. बटण दाबलं की ती आपली आपण उपग्रह शोधते. कुणी खाली उतरायला नको, पावसात भिजायला नको. हे सगळं खरं होतं, आणि उघड्या मैदानात गाडी लावली की आजही मी तेच सांगेन. तीन मिनिटांत चित्र येतं. वाऱ्याने हलत नाही, कुणी उचलून नेत नाही, सकाळी निघताना काही आवरायचं नसतं.

पण एक प्रश्न त्याने विचारला नाही आणि आम्हालाही सुचला नाही. तुम्ही गाडी कुठे लावता?

आम्ही गाडी झाडाखाली लावतो. उन्हाळ्यात पत्र्याची गाडी उन्हात उभी केली की दुपारपर्यंत आत बसवत नाही, आणि बाबांना उकाडा अजिबात सोसत नाही. म्हणून मुक्कामाच्या जागी पोचलो की नवरा आधी सावली शोधतो. घुमट टपाला स्क्रूने घट्ट बसवलेला. गाडी सावलीत गेली की तोही सावलीत जाणार. इतकी साधी गोष्ट लक्षात यायला आम्हाला तीन संध्याकाळी उपाशी राहावं लागलं, असंच म्हणते, कारण बाबांचे चेहरे मी पाहिलेत.

मग मी मुळातून समजून घ्यायला बसले. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटरवर असतात. त्या उंचीवर प्रदक्षिणेला लागणारा वेळ पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याशी जुळतो, म्हणून खालून पाहिलं तर उपग्रह एका जागी खिळल्यासारखा दिसतो. आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात ही कल्पना मांडली होती, आणि १९६४ साली ‘सिनकॉम ३’ हा उपग्रह खरोखरच तसा जाऊन थांबला. घराच्या गच्चीवरची छत्री एकदा लावली की वर्षानुवर्षं हलवावी लागत नाही ती यामुळेच. आमची अडचण अशी की उपग्रह जागेवर, आणि आम्हीच रोज हलणार.

तिथून येणारी लहर जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीची. उपग्रहावरचं एकेक प्रक्षेपण शंभर-दीडशे वॅटचं, म्हणजे जुन्या मोठ्या दिव्याइतकं, आणि ते छत्तीस हजार किलोमीटर येऊन आपल्या डिशवर पडतं. अशा बारीक, अशक्त लहरीला पान पुरतं. पानात पाणी असतं आणि पाणी ही लहर शोषून घेतं. पाऊस पडून गेल्यावर ओली फांदी तर भिंतच. पानगळीच्या दिवसांत त्याच झाडाखाली कधीकधी चित्र येतं आणि पालवी फुटली की जातं, हे आम्ही पुढे स्वतः पाहिलं.

यातून एक सवय लागली, ती मी सगळ्यांना आवर्जून सांगते. हात सरळ पुढे ताणून मूठ वळली, तर डोळ्यासमोर त्या मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. आपल्या जागी उपग्रह क्षितिजापासून किती अंश वर आहे आणि कोणत्या दिशेला आहे, हे दोन आकडे मोबाईलवरचं कोणतंही डिश लावायचं अॅप सांगतं. समजा ३५ अंश. मग त्या दिशेला तोंड करायचं, क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत साडेतीन मुठी चढायचं, आणि तिथे आकाश दिसतंय की फांदी ते बघायचं. फांदी असेल तर कितीही महागाची अँटेना आणली तरी उपयोग नाही. उलटा हिशेबही करता येतो. उपग्रह ३५ अंशांवर असेल आणि समोर १२ मीटर उंच झाड असेल, तर त्याच्या बुंध्यापासून सुमारे १७ मीटर मागे यायला हवं. जसजसे आपण विषुववृत्तापासून लांब जाऊ तसतसा उपग्रह खाली उतरतो आणि तेवढंच झाड आणखी दूर हवं होतं.

आमच्या घुमटाची दुसरी अडचण त्याच्या पोटात होती. तो बाहेरून मोठा दिसतो, पण आतली डिश ४० सेंटिमीटरच्या आतबाहेर. डिशचं काम शेवटी पाऊस गोळा करणाऱ्या पातेल्यासारखं, तोंड जेवढं मोठं तेवढं जास्त. ४५ ऐवजी ६० सेंटिमीटरची डिश घेतली तर क्षेत्रफळ पावणेदोन पटीहून थोडं जास्त होतं. प्रत्येक उपग्रहाचा झोत जमिनीवर एका ठरावीक प्रदेशावर पडतो. मध्यभागी तो दाट असतो, कडेला विरळ होत जातो. आम्ही आमच्या नेहमीच्या भागात होतो तोवर छोटी डिश पुरत होती. मागच्या मोठ्या प्रवासात त्या झोताच्या कडेकडेला गेलो, तेव्हा उघड्या माळावरही चित्राचे चौकोन पडायला लागले. पहाटे घुमटावर दव साचलं की तेवढ्यानेही चित्र जायचं, फडक्याने पुसलं की यायचं. मी शिडी लावून पहाटे घुमट पुसलाय. दुकानातून निघण्याआधी त्या झोताचा नकाशा कुणी एकदा समोर ठेवला असता तर बरं झालं असतं. तो नकाशा उपग्रह चालवणाऱ्या कंपन्या स्वतःच देतात, आणि कुठे किती सेंटिमीटरची डिश लागेल हेही बऱ्याचदा त्यावर लिहिलेलं असतं.

एवढं कळल्यावर लगेच दुसरी अँटेना आणायचा मोह झाला. नवरा म्हणाला, "थांब. आधी आपण कुठे कुठे राहतो ते तरी लिहून काढू." एक साधी वही केली. प्रत्येक मुक्कामाला चार गोष्टी लिहायच्या. टपावरून उपग्रहाच्या दिशेला आकाश दिसतं का? नसेल तर गाडीपासून किती पावलांवर दिसतं? वारा कसा आहे? आणि त्या संध्याकाळी चित्र आलं का? वही बाबांच्या ताब्यात दिली. ते रोज जेवणाआधी काठी टेकत बाहेर यायचे, मूठ मोजायचे, पावलं मोजायचे आणि लिहायचे.

एकवीस मुक्काम झाले तेव्हा वही घेऊन बसलो. नऊ ठिकाणी टपावरून आकाश बंद होतं. त्या नऊपैकी सात ठिकाणी तीस पावलांच्या आत मोकळी जागा होती. अँटेनाची निवड तिथेच झाली म्हणायची. आम्हाला गाडीपासून लांब ठेवता येणारी डिश हवी होती.

तरी बाकीचे प्रकार पाहिले, कारण एकदा घाई करून झाली होती. टपावर आडवी झोपणारी आणि आतून हँडल फिरवून उभी करायची डिश असते. तिचा आकार मोठा मिळतो, मोटर नसल्याने बिघडायला काही नाही, आणि आतल्या आत दिशा लावता येते. मला ती मनापासून आवडली होती. पण तीही टपालाच बांधलेली. शिवाय निघताना ती खाली करायला विसरलं तर पहिल्याच फांदीत किंवा कमानीत जाते. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याची तशी मोडली आहे, टपाचा पत्राही फाटला. चपटी पाटीसारखी अँटेनाही पाहिली. दिसायला देखणी, उंची कमी, वाऱ्याला अडत नाही. पण पाऊस गोळा करायचा नियम तिलाही चुकत नाही, तोंड लहान तर पाणी कमी. चालत्या गाडीत चित्र दाखवणारे घुमट असतात, त्यात दिशा सतत सावरत राहायची यंत्रणा असते म्हणून ते महाग. प्रवासात बाबा पट्टा लावून झोपतात. त्यांच्यासाठी हे पैसे घालायचं काही कारण नव्हतं.

राहिली तिपाईवरची साधी डिश. तिला सगळे एकच दोष देतात, की रोज लावायला त्रास. तो त्रास नेमका किती, हे घेण्याआधी पाहायचं ठरवलं. एका मुक्कामावर शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांकडे ६० सेंटिमीटरची डिश आणि तिपाई जास्तीची होती. त्यांनी ती आठवडाभर वापरायला दिली, वर सिग्नल मोजायचा एक छोटा मीटरही दिला.

पहिल्या दिवशी दीड तास लागला, आणि तो कशामुळे लागला हे सांगण्यासारखं आहे.

आम्ही जुन्या काठ्यांच्या अँटेनावर वाढलेली माणसं. गच्चीवर एक जण अँटेना फिरवतोय, जिन्यात एक जण उभा, खाली टीव्हीसमोर एक जण. "आलं का?" "मुंग्या आहेत!" "आता?" "थोडं दिसतंय, अजून डावीकडे!" त्या मुंग्या विरळ होत जायच्या आणि आपण बरोबर वाटेने चाललोय हे समजायचं. डिजिटल डिशला मुंग्या नाहीत. किंचित चुकली तर काही नाही, लागली तर एकदम लख्ख चित्र. मध्ये पायरीच नाही. ६० सेंटिमीटरच्या डिशची नजर जेमतेम ३ अंश रुंद असते. दीड अंश बाजूला झालो की ताकद निम्मी. १ अंश म्हणजे किती? डिशची कड ५ मिलिमीटर सरकते, बोटाच्या अर्ध्या पेराहूनही कमी. त्यात सेटटॉप बॉक्सला सिग्नल ओळखून चित्र दाखवायला काही सेकंद लागतात. मी भराभर फिरवत होते आणि बहुधा चार-पाच वेळा बरोबर उपग्रहावरून पुढे निघून गेले.

दुसरी फसगत डिशच्या तोंडाची. हल्लीच्या डिशमध्ये लहर टिपणारा तो छोटा डबा, एलएनबी म्हणतात तो, मध्यावर नसून खालच्या बाजूला पुढे आलेल्या दांड्यावर असतो. त्यामुळे डिश ३५ अंश वर बघत असते तेव्हा डोळ्यांना मात्र ती जवळजवळ सरळ उभी दिसते, कारण साधारण २५ अंशांचा फरक बनावटीतच असतो. मी ती डोळ्यांच्या अंदाजाने आकाशाकडे वाकवत होते, म्हणजे उपग्रहाच्या कितीतरी वर. मागच्या पट्टीवर कोरलेले अंश वाचायचे आणि त्यांच्यावरच विश्वास ठेवायचा, डोळ्यांवर नाही. आणि पट्टीवरचे अंश खरे ठरायचे तर खांब उभा ओळंब्यात हवा. तिपाई उतारावर तिरकी उभी असेल तर पट्टी ३५ दाखवते आणि डिश बघते ४०कडे. नवऱ्याने गाडीच्या पेटीतली पाणसळ काढली, खांबाला दोन बाजूंनी लावली आणि एका पायाखाली चपटा दगड सरकवला. पाच मिनिटांचं काम, पण पुढचा अर्धा तास वाचवतं.

तिसरं होकायंत्र. मी ते गाडीला टेकून उभी राहून वाचत होते. एवढ्या लोखंडाजवळ सुई खरं बोलत नाही. दहा-बारा पावलं लांब गेल्यावर तीच सुई वेगळीकडे वळली. शिवाय चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जागोजागी फरक असतो, काही ठिकाणी १० अंशांहून जास्त. ३ अंशांची नजर असलेल्या डिशला ही चूक परवडत नाही.

इथे बाबा उठले. तासभर ते आमची धडपड बघत होते. म्हणाले, "ऊन आहे तोवर होकायंत्र कशाला हवं? सूर्य त्या दिशेला किती वाजता येतो ते बघ ना तुझ्या मोबाईलमध्ये." मी पाहिलं. त्या दिवशी त्या जागी दुपारी दोन वाजून काही मिनिटांनी सूर्य बरोबर आमच्या उपग्रहाच्या दिशेला येत होता. उंचीने वेगळा, पण दिशेने तोच. दुसऱ्या दिवशी त्या वेळी बाबांनी आपली काठी ओळंब्यात उभी धरली, सावली जमिनीवर पडली, आणि नवऱ्याने तिच्यावर दोन खडे ठेवले, एक टोकाला, एक काठीच्या पायाशी. टोकाकडून पायाकडे जाणारी रेघ म्हणजे उपग्रहाची दिशा. त्या रेघेवर तिपाई ठेवली, पट्टीवर अंश लावले, आणि डिश बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे अशी सावकाश फिरवली. दर खेपेला थांबून मनात दहापर्यंत मोजायचं. तिसऱ्या थांब्याला आतून बाबांची हाक आली. "आलं! हलवू नकोस!"

एक गोष्ट मात्र त्यानंतरही दोनदा नडली. पडद्यावर दोन पट्ट्या असतात, ताकद आणि दर्जा. ताकद भरपूर, दर्जा शून्य, असं दिसलं की समजायचं, डिशने काहीतरी पकडलंय पण ते आपलं नाही. शेजारशेजारचे उपग्रह कधी दोन-तीन अंशांवरच असतात. अशा वेळी उंची हलवायची नाही, फक्त बाजूला सरकायचं. आणि ज्या उपग्रहांच्या लहरी उभ्या किंवा आडव्या डोलत येतात, त्यांच्यासाठी एलएनबीही आपल्या दांड्यात थोडी फिरवावी लागते. प्रवासात पूर्व-पश्चिम बरंच अंतर कापलं की हा कोन बदलतो. गोल फिरणाऱ्या लहरी वापरणाऱ्या सेवेला ही भानगड नाही. आपली सेवा कोणत्या प्रकारची आहे हे विकत घेण्याआधीच विचारून घ्या, कारण एलएनबी त्यावर ठरते आणि एकीची दुसरीला चालत नाही.

आठवडा संपला तेव्हा वेळ पंचवीस मिनिटांवर आली होती. डिश परत केली आणि स्वतःची घ्यायला गेलो. या वेळी प्रश्न आम्ही विचारले. ६० घ्यायची की ८०? ८०च्या डिशचं क्षेत्रफळ ६०च्या पावणेदोन पटीहून थोडं जास्त, पावसात चित्र जास्त वेळ टिकतं, झोताच्या कडेलाही चालते. पण तिची नजर आणखी अरुंद, जेमतेम सव्वादोन अंश, म्हणजे लावायला जास्त नेमकेपणा हवा. वारा तिला जास्त ढकलतो. आणि ती आमच्या मागच्या सामानाच्या कप्प्यात जात नाही, हे मी मोजपट्टी नेऊन दुकानातच पाहून घेतलं होतं. आमचा बहुतेक प्रवास झोताच्या आतच असतो. ६० घेतली. कुणी कायम कडेला राहत असेल तर ८० शिवाय पर्याय नाही, तिथे कप्प्याचा विचार नंतर. तिपाई मात्र जड आणि रुंद पायांची घेतली, मध्यावर आकडा असलेली. त्या आकड्याला पाण्याचा भरलेला कॅन टांगला की वाऱ्याची भीती राहत नाही. रिकामा करून ठेवला की ओझंही नाही.

केबलवर आम्ही काटकसर केली आणि ती चुकली. घरात आधीच पडलेल्या दोन पातळ केबली जोडून तीस मीटर केल्या. महिनाभर चाललं. मग एका संध्याकाळी निम्म्या वाहिन्या लागेनात, निम्म्या मात्र स्वच्छ. डिश पुन्हा पुन्हा लावली, काही फरक नाही. याचं कारण समजलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण त्यामागचं काम कसं चालतं ते दिसलं. सेटटॉप बॉक्स त्याच केबलमधून एलएनबीला वीज पाठवतो. १३ व्होल्ट पाठवले तर एक प्रकारच्या लहरी, १८ पाठवले तर दुसऱ्या प्रकारच्या. आमच्या जोडात पाणी शिरून तांब्यावर हिरवा गंज चढला होता. १८ निघायचे आणि पोचेपर्यंत इतके उतरायचे, की एलएनबीला ते १३ वाटायचे. त्या १८वाल्या सगळ्या वाहिन्या गायब. सलग, जाड, बाहेर वापरायची केबल आणली, टोकांना रबरी टोप्या घातल्या. नव्या कनेक्टरमध्ये केबलच्या बाहेरच्या जाळीची एखादी केसाएवढी तारही मधल्या तारेला चिकटू द्यायची नाही, हे नवऱ्याने भिंग लावून पाहिलं.

घुमटाचं काय करायचं यावर आमचं दोघांचं एकमत होत नव्हतं. तो म्हणायचा, राहू दे, मैदानात उपयोगी पडतो. माझं म्हणणं होतं की वहीत तशा जागा बाराच होत्या, आणि त्या बाराही ठिकाणी तिपाई चालतेच. निकाल शेवटी सौर पॅनेलने लावला. सकाळी नऊपर्यंत घुमटाची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडायची, आणि कोपरा झाकला तरी त्या पॅनेलची वीज खूपच घटते. घुमट काढला. टपाला चार स्क्रूंची भोकं आणि एक केबलचं भोक राहिलं. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी त्या पाच भोकांची होती, कारण टपातून झिरपलेलं पाणी आतल्या लाकडात किती लांब जातं याचा पत्ता लागत नाही. जुनं सीलंट खरवडून काढलं, स्पिरिटने पुसलं, ब्यूटिलची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या चिकट रबराची, पट्टी लावली, वर पत्र्याची चकती बसवून तिच्या कडा पुन्हा भरल्या. पहिल्या मोठ्या पावसात मी रात्री तीनदा उठून छताला हात लावून पाहिला. कोरडं होतं. घुमट एका अशा कुटुंबाला दिला जे कायम समुद्राकाठच्या उघड्या तळांवर राहतं. त्यांच्याकडे तो छान चालतोय.

आता पोचल्यावर नवरा सावली शोधतो, मी आकाश शोधते. गाडी झाडाखाली, डिश वीस-पंचवीस पावलं लांब उन्हात. केबल पायवाटेवरून न्यायची नाही, नेलीच तर वर रबरी पट्टा टाकायचा, बाबांची काठी अडकायला नको. डिशच्या समोरून कुणी चालत गेलं तर चित्र क्षणभर थिजतं, म्हणून तोंडासमोरची वाट टाळायची. जोराचा पाऊस आला की चित्र जातं आणि सर ओसरली की येतं. ते बाबांना माहीत आहे, ते शांतपणे थांबतात. मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला काही दिवस ठरावीक वेळी सूर्य उपग्रहाच्या बरोबर पाठीमागे येतो आणि त्याच्या गोंगाटात चित्र काही मिनिटं बुडतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी उठून डिश हलवायला निघाले होते. बाबांनी खिडकीतून बोट दाखवलं. एलएनबीची सावली डिशच्या खालच्या कडेशी, बरोबर मधोमध पडली होती.

वही अजून त्यांच्याकडेच असते. सावलीची वेळ, अंश, किती पावलं, किती मिनिटं लागली, सगळं बारीक अक्षरात. मागच्या मुक्कामाला मी आत पोळ्या करत होते आणि ते दोघं बाहेर होते. मी हात पुसून बाहेर येईपर्यंत पट्ट्या सरकायला लागल्या होत्या आणि बाबा खुर्ची पुढे ओढून वाचत होते. रात्री वही उघडली, तर शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: २२ पावलं, वारा नाही, ११ मिनिटं.